टेबलाखालून बोलतेय, भांडण लावणारी प्रत

दचकू नका, आवाज टेबलाखालून येतोय. मी एका पुस्तकाची कच्ची प्रत बोलतेय. माझा जन्म झेरॉक्सच्या दुकानात झाला. पानं अजून गरम होती, तेवढ्यात दुकानदाराने माझ्या पाठीला भोकं पाडून स्पायरल घातली. दुखलं, पण सांगणार कुणाला?

माझ्या पोटात सगळे वादाचे प्रश्न आहेत. जिना वर जातो की खाली येतो? आपली सावली शेजाऱ्याच्या भिंतीवर पडली, तर ती कुणाची? माणसांनी जेवता जेवता गमतीने भांडावं, म्हणून माझ्या लेखकाने ते लिहिले. प्रकाशकाने त्याला बजावलं होतं, "आधी चार लोकांना वाचायला द्या. भांडले तर छापू, नाहीतर विसरा." म्हणजे माझं पुस्तक होणार की रद्दी, हे लोकांच्या भांडणावर ठरणार होतं.

लेखक मनाने भला, पण वाचक निवडण्यात अगदीच कच्चा. आधी त्याने मला न्हाव्याच्या दुकानात नेलं. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा, आणि न्हावी विचारतोय, "जिना वरच जातो ना हो?" गिऱ्हाईक काय बोलणार? मग दाताच्या डॉक्टरांकडे. तिथल्या खुर्चीतला माणूस प्रत्येक प्रश्नाला फक्त "आ" म्हणाला. ऑफिसात हाच साहेब, त्यामुळे हाताखालची मंडळी माना डोलावून मोकळी झाली.

तेवढ्यात सासू-सासरे राहायला आले. हा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. सासरे म्हणाले, "छान आहे." सासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंनी लिहिलंय म्हणजे छानच असणार." तेव्हापासून "छान आहे" ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्याचा चेहरा इतका उतरला, की मला त्याची दया आली. त्याच संध्याकाळी त्याने मला जेवणाच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. बायको म्हणाली, "चला, काहीतरी उपयोग झाला." मी मनातून रद्दीच्या वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी साखर संपली, म्हणून तो दुकानात गेला. इकडे सासूबाईंचा चमचा खाली पडला. त्या वाकल्या, मी दिसले, चमचा राहिला बाजूला. त्यांनी मला उघडून मोठ्याने वाचलं, "जिना वर जातो की खाली येतो?"

"वर," सासरे म्हणाले. "वर जायलाच तर बांधतात."

"आणि वर गेलेली माणसं काय उड्या मारून उतरतात?"

"अगं, पण पहिली पायरी कुठली? खालचीच ना?"

"तुम्हाला वाटते ती. माझ्या गुडघ्यांना विचारा."

त्यांची मुलगी, म्हणजे लेखकाची बायको, भाजी गरम करायची सोडून आईच्या बाजूने उतरली. सासऱ्यांनी मला खेचलं, सासूबाईंनी सोडलं नाही. स्पायरल निसटली आणि माझे सरळ दोन तुकडे झाले. खरं सांगू? त्या दिवशी मुळीच दुखलं नाही.

लेखक तेव्हा नेमका जिना चढत होता. आरडाओरडा ऐकून तो धापा टाकत आत आला आणि म्हणाला, "ऐका जरा, जिना कुठेच जात नाही, तो जागच्या जागी..."

"तुम्ही मध्ये बोलू नका, जावईबापू," सासूबाई कडाडल्या. "तुम्हाला यातलं काही कळत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात जावयाला असं कुणी गप्प बसवलं नव्हतं. तो साखरेची पुडी पोटाशी धरून दारातच उभा राहिला. एवढा खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

पुस्तक छापलं गेलं. माझी भावंडं गुळगुळीत कव्हरं घालून दुकानात मिरवतात. मी मात्र पुन्हा टेबलाखाली आहे, दोन पायांखाली दोन तुकडे. कारण टेबलाचा आखूड पाय कोणता, यावर सासू-सासऱ्यांचं एकमत नाही. टेबल अजून डुगडुगतंच, पण माझी काही तक्रार नाही.

एकच विनवणी. माझं एखादं भावंड हाती पडलं, तर कृपा करून "छान आहे" म्हणू नका. मनसोक्त भांडा. आणि लेखक समोर बसला असेल, तर त्याला आधी साखर आणायला पाठवा.