रेडिओवरचा पाटील

सहदेव तायडेला गप्प बसता येत नसे, आणि समोरच्याला गप्प बसू देणं तर त्याला मुळीच जमत नसे. अकोल्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागच्या मैदानात नत्थुजीचा तंबू लागायचा. दिवसभर ज्यांच्या नाकातोंडात रुई गेलेली असायची ते हमाल, गाडीवान, अडत्यांचे दिवाणजी असे सगळे संध्याकाळी तिकीट काढून आत बसत. नाचणाऱ्या बाया होत्या, पेटी होती, ढोलकी होती. पण लोक यायचे ते सहदेवसाठी.

त्याच्याकडे विनोद असे फार नव्हतेच. तो एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. मुद्दाम थांबायचा. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या कोणाची तरी जीभ खाजवायची आणि तो टोमणा हाणायचा. सहदेव तो टोमणा झेलून असा परत फेकायचा की तंबू आडवा व्हायचा. या थांबण्याला तंबूतले कलाकार जागा सोडणं म्हणत.

"अबे सह्या, तुह्या धोतराले भोक हाय!"

"असू दे न बावा. तुह्या बापानं देल्लं. त्यानं तरी कोठी पाहून देल्लं?"

टोमणा मारणाराच सगळ्यात जास्त हसायचा.

पण खेळातलं त्याचं पात्र एकच, गावचा येसकर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि कमरेत वाकून "जोहार मायबाप". जितका वाकेल तितका हशा. आता हे सरळच सांगतो. सहदेव जातीनं तोच होता, महार. त्याचा बाप खरोखर दारोदार गावकीची भाकर मागत फिरला होता. बाप जे पोटासाठी करायचा तेच पोरगा तिकिटावर करायचा. कुणब्याचे हमाल हसत, तेल्याचे हसत, आपलेही हसत. आपले जरा जास्तच हसत.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पंचफुला, त्याची बायको, बरोबर होती. परत आल्यावर नत्थुजीनं घोंगडी पुढं केली, तर सहदेवनं ती हातात घेतली नाही.

"येसकर मेला, नत्थुजी."

"मेला? परवा तं तंबूत पाय ठेवाले जागा नव्हती."

"मले दुसरं सोंग द्या. सावकार द्या, दलाल द्या. पाटील द्या."

"तू? पाटील?" नत्थुजी हसला. अगदी पोट धरून हसला. इतक्या वर्षांत सहदेवच्या कोणत्याच नकलेला तो इतका हसला नव्हता. "लोक तंबू जाळतीन, बाप्पा!"

सहदेव तिथून निघाला तो अमरावतीला आला. पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगायचं. कुठंच टिकला नाही. जिनात कापसाच्या गठाणी उचलल्या, लाकडाच्या वखारीत राहिला, एका भोजनालयात ताटं धुतली. मुकादमानं एक शब्द टाकला की याच्या तोंडून जवाब निघून जायचा, आणि सगळे कामगार हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी याला काम नसायचं. घरी आला की येरझारा घालायचा. जेवताना अर्ध्यात उठायचा. पंचफुला म्हणायची, "बसा न जरा. तुमाले काय मुंग्या लागल्या का?"

"पंचफुले, पोट भरून राहिलं. पण माह्यासमोर कोणी हासूनच नाही राहिलं."

"मी हासू का?"

"तू खोटं हासतं."

मग साठच्या पुढं कधीतरी अमरावतीच्या शेतकी प्रदर्शनात त्याला रेडिओच्या साहेबांनी पाहिलं. लोखंडी नांगराच्या दुकानासमोर सहदेव उभा होता आणि पाटील होऊन त्या नांगराशी भांडत होता. माझ्या बैलाला तू आवडला नाहीस, असं नांगराला सांगत होता. भोवती हीऽ गर्दी. साहेब मूळचे पुण्याचे. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी त्यांना खरं वऱ्हाडी बोलणारा माणूस पाहिजे होता, आणि शाळेत शिकलेले नट वऱ्हाडी बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा यायचा.

असा सहदेव दाजी पाटील झाला. दाजी पाटील म्हणजे सरकारचं काहीच न ऐकणारा, स्वतःला शहाणा समजणारा, शेवटी बायकोकडून शहाणपण शिकणारा माणूस. सहदेव बडनेऱ्याहून गाडी धरायचा, नागपूरच्या केंद्रावर जाऊन बोलून यायचा. फितीवर घ्यायचे, मग बुधवारी वाजवायचे. दोन महिन्यांत वऱ्हाडातली पोरं दाजीसारखी खाकरायला लागली.

"नाव सांगत जाऊ का तुमचं?" साहेबांनी एकदा विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "नको. लोकांना पाटीलच वाटू द्या. त्यातच गंमत आहे."

सहदेवनं मान डोलावली. त्याला ते काम गमवायचं नव्हतं. कमरेत न वाकताही माणसाला हसवता येतं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं होतं. ते हातचं गेलं तर पुन्हा गठाणी उचलायच्या आणि मुकादमाच्या शिव्या खायच्या. वर्ष संपलं की करार पुढं चालवायचा की नाही ते साहेब ठरवणार होते.

अडचण एकच होती. केंद्रातल्या काचेच्या खोलीत कोणी हसत नसे. सहदेव वाक्य टाकायचा आणि सवयीनं थांबायचा. समोर भिंत. भिंत काय टोमणा मारणार?

"सहदेव, तुम्ही मध्येच थांबता," साहेब म्हणायचे. "रेडिओवर शांतता झाली की लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं. मला वरून विचारणा होते."

"साहेब, ते लोकाइची जागा होय."

"लोक इथं नाहीत हो."

"इथं नाहीत. तिकडं हायेत न."

साहेबांनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा सांगितलं, असंच चाललं तर करार पुढं नेता येणार नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला त्याची नोकरी होती.

सहदेवला वाटलं, आपणच जाऊन पाहावं, खरंच लोकांना रेडिओ बंद पडल्यासारखा वाटतो का. पंचफुलाची मावशी गोदाबाई चांदूर बाजारच्या रस्त्यावर एका गावात राहायची. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तेवढंच एक गाव वाईट ठरेल आणि बाकीची सुटतील. पंचायतीचा रेडिओ मारुतीच्या पारावर ठेवलेला. पारावर गाव बसे. रस्त्याच्या अलीकडं निंब होता, त्या निंबाखाली बौद्धवाड्यातली माणसं बसत. असं बसा म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं. वेगळं का बसता म्हणून कोणी विचारलंही नव्हतं. बुधवारी उन्हं उतरल्यावर सहदेव आणि पंचफुला गोदामावशीशेजारी निंबाखाली येऊन बसले. तो रेडिओवरचा आहे हे मावशीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

रेडिओ खरखरला. दाजी पाटील खाकरला.

"सरकार म्हणते, खताचा खड्डा करा. केला बावा खड्डा. आता त्यात टाकू काय?"

आणि शांतता. सहदेवनं पाराकडं मान वळवली. तेवढ्यात पारावरून कोणीतरी ओरडलं, "सोताच उतर, पाटील!"

"हास, हास," रेडिओ म्हणाला. "मी दात मोजून राहिलो."

पार हसून लोळला. सहदेवनं पंचफुलाचा हात असा दाबला की तिची बांगडी पिचकली. जागा भरत होती! तो बसल्या जागी हलायला लागला, लहान पोरासारखा.

"माह्या घरचं सारं काम मीच करतो बरं," दाजी पाटील म्हणाला आणि थांबला.

पारावरचा माणूस तोंड उघडायच्या आत निंबाखालून गोदामावशीचा आवाज गेला. "आन् पाणी कोण भरते रे, बैताडा? तुहा बाप?"

"हळू बोल न बाई," रेडिओ म्हणाला. "पारावर लोक बसले हायेत!"

हे वाक्य कागदावर पाटलानं बायकोला म्हणायचं होतं. पण ते गोदामावशीलाच बसलं. निंब फुटला हसून. पारावरचेही दोघंतिघं हसले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण कोणाच्या बोलण्याला हसलो. हशा मधेच तुटला.

पोलीस पाटील किसनराव उठून उभा राहिला. "गोदे, तुले कोणं विचारलं? आयकाले भेटते तं आयका. जवाब द्याचा असन तं आमी देऊ."

"काहून? रेडिओ तुह्या सासऱ्यानं देल्ला का?"

 किसनरावानं रेडिओचं बटण फिरवलं. आवाज इतका बारीक केला की पारावर ऐकू जाईल आणि रस्ता ओलांडणार नाही. निंबाखाली नुसती गुणगुण आली. पारावर हशा होत होता, आणि सहदेवचा स्वतःचा आवाज सहदेवला ऐकू येत नव्हता.

"उठा न," पंचफुला कानात म्हणाली. "सांगा त्याइले, तो पाटील कोण हाय ते."

तो उठला नाही. किसनरावानं केंद्राला एक चिठ्ठी टाकली असती, पाटलाचं सोंग कोणाला दिलं म्हणून, की करार संपला असता. हे त्याला कळत होतं. परत येताना मोटारीत तो उभाच राहिला, जागा रिकामी असून. घरी येऊन भिंतीला गुद्दे मारले. जेवला नाही.

पोळ्याच्या दिवशी कार्यक्रम फितीवर घ्यायचा नव्हता, सरळ वाजायचा होता. शेतकऱ्याचा सण, म्हणून. साहेबांनी आधीच बजावलं, "आज कापायची सोय नाही. थांबू नका." काचेवरचा लाल दिवा लागला. दाजी पाटलानं बैलांचं कौतुक केलं, बायकोला टोमणे मारले, सगळं कागदावरचं. एका पानावर मात्र त्यानं कागद खाली ठेवला.

"पारावरच्याइनं लय बोलून घेतलं," तो माइकात म्हणाला. "आता निंबाखालचे बोलतीन. गोदामावशे, बोल. अन् किसनराव, बटणाले हात लावू नको. मी इथून पाहून राहिलो."

आणि थांबला.

काचेपलीकडं साहेबांनी दोन्ही हात वर केले. दाजीच्या बायकोचं काम करणारी बाई कागद घट्ट धरून त्याच्याकडं पाहत राहिली. सहदेव थांबलाच. आयुष्यात त्यानं एवढी मोठी जागा कधी सोडली नव्हती. मग म्हणाला, "हा, आता बरोबर बोलली," आणि कागद उचलून पुढचं वाचलं.

दिवा विझला. साहेब आत आले. ते ओरडतील असं त्याला वाटलं होतं, पण ते खुर्चीवर बसले.

"करार आता पुढं जाणार नाही."

"मालूम हाय."

"तुम्ही चांगले नट आहात. पण तुम्हाला समोर माणूस लागतो. मी तो कुठून आणू?"

सहदेवनं कागद आवरून साहेबांच्या हातात दिले. 

दुसऱ्या दिवशी, करीला, तो घरी न थांबता पंचफुलाला घेऊन थेट त्या गावाला गेला. तिथं काय झालं ते ऐकल्याशिवाय त्याला बसवत नव्हतं. लोक हसले का? भांडले का? किसनरावानं रेडिओ फोडला का? गोदामावशी निंबाखाली शेंगा फोडत बसली होती.

"मावशे, काल रेडिओ आयकला का?"

"कायचा रेडिओ? त्याची बॅटरी उतरली चार दिसापासून. किसन्या म्हणते, चांदूर बाजारले माणूस पाठवतो. पाठवला नाही अजून."

पंचफुला मावशीजवळ बसली. तिनं मावशीला सगळं सांगितलं, दाजी पाटील कोण ते, आणि काल काय बोलला ते, आणि काय गेलं ते. म्हातारीनं शेंग फोडायची थांबवली. जावयाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तो पाटील तू होय?"

"होतो."

"मंग आता म्हण न. इथं. मले तं आयकूच नाही आलं."

करीचा दिवस. बैलाला काम नाही, माणसाला काम नाही. पार भरलेला. सहदेव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि खाकरला. पारावरच्या माना वळल्या. ती खाकर सगळ्यांच्या कानातली होती.

"सरकार म्हणते," तो मोठ्यानं म्हणाला, "शेजाऱ्यासंगं गुण्यागोविंदानं राहावं. मी राहतो. पण शेजारी हाय कोठी?"

"अबे, हा तं रेडिओवरचा पाटील!" कोणीतरी ओरडलं. पारावरची चारदोन माणसं खाली उतरली, एकानं त्याला बसायला जागासुद्धा झटकली. किसनराव उतरला नाही. तो सहदेवकडं पाहत होता, मग गोदामावशीकडं, मग पंचफुलाकडं, आणि त्याचं सगळं जुळलं.

"थांबा रे," तो म्हणाला. "हा गोदीचा जवाई हाय. महाराचा हाय हा."

झटकणारा हात जागच्या जागी राहिला.  नत्थुजीच्या तंबूत असा टोमणा आला की सहदेव वाकायचा, आणि वाकला की सगळं सोपं व्हायचं. पाय त्याच सवयीनं जरा लवले, हे पंचफुलानं पाहिलं.

तो ताठ झाला.

"होतो, किसनराव. आता बौद्ध हाय. अन् तू वर्षभर दर बुधवारी बौद्धाले पाटील म्हणून आवाज देऊन राहिला. आता सांग, बाटलं कोण? तू, का रेडिओ?"

गोदामावशी हसली. ती एकटीच, खूप वेळ. मग निंबाखालचे हसले. पारावर एक तरुण मान खाली घालून तोंड दाबत होता आणि त्याचे खांदे हलत होते. किसनरावाच्या हातात काठी होती, आणि त्याच्या मागचे दोघं चपला घालत होते. ते हसायला येत होते की मारायला, हे अजून कळत नव्हतं.

सहदेव सरकला नाही. तो किसनरावाच्या तोंडाकडं पाहत जवाबाची वाट बघत राहिला.