औषधाचा अंमल

घण्याच्या चारही अक्कलदाढा काढायच्या ठरल्या, तेव्हा भंगाराच्या यार्डात दोन दिवस सगळ्यांची चांगली करमणूक झाली. मुकादम म्हणाला, आधीच अकलेचा साठा बेताचा, त्यातून चार एकदम गेल्यावर मागे काय उरणार? घण्याच्या तोंडावर मात्र कोणी फार वेळ हसलं नाही. जुन्या गाड्यांची इंजिनं घणाने फोडायची हे त्याचं काम, आणि हसणाऱ्याचं तोंड लक्षात ठेवायची त्याची सवय.

त्याच्या हाताखालून एका ड्रायव्हरच्या बरगड्या गेल्या होत्या, एका शेजाऱ्याचं नाक गेलं होतं, आणि पाच वर्षांपूर्वी बायकोचं मनगट. पाहुण्यांदेखत ती त्याच्या कुठल्याशा फजितीवर हसली, एवढाच तिचा गुन्हा. पाहुणे गेल्यावर त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. हाड मोडल्याचा आवाज शेजारपाजारपर्यंत गेला, पण धावून कोणी आलं नाही. ती आठ महिने भावाकडे राहिली आणि परत आली ती एकच अट घेऊन.

"पुन्हा हात उचललात तर मी जाईन," ती म्हणाली होती. "एकदाच. दुसऱ्या वेळेची वाट बघत मी बसणार नाही."

त्यानंतर चार वर्षं त्याने हात आवरला. राग आला की यार्डात जायचा आणि एखाद्या दरवाजाचा चुरा करायचा. लोक त्याचं कौतुक करायचे. बायकोला मारत नाही याचंही कौतुक व्हावं, इतकी खालची आपली अपेक्षा! तिचं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. कपड्यांच्या कारखान्यात ती काजांच्या मशीनवर बसायची आणि कापड डाव्या हाताने सरकवायची.

दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्याच दिवशी सुई बघून घण्याने त्यांचा हात असा पकडला, की त्यांना दिवसभर चिमटा धरता आला नाही. मग त्यांनी भूल देणाऱ्या बाईंना बोलावून घ्यायचं ठरवलं. सोबत घरचं माणूस हवं, अशी त्यांची अट होती. घरचं माणूस म्हणजे बायकोच.

शिरेत औषध गेलं आणि घण्या विरघळला. डॉक्टरांनी हिरडी चिरली, हाड तासलं, दाढांचे तुकडे केले आणि खुर्चीला पाय लावून मुळं उपटली. दाराबाहेर बसलेल्या बायकोला करकर ऐकू येत होती. एरवी माणसाच्या अंगातून असा आवाज निघाला की ती कानांवर हात घ्यायची. त्या दिवशी घेतले नाहीत, आणि त्याची तिला लाज वाटली.

नंतर तिला आत बोलावलं. तो तोंडात कापसाचे बोळे धरून पडला होता. ती वाकली, आणि पुढच्याच क्षणी त्याची मूठ तिच्या गालावर बसली. ती ट्रेवर आदळली, हत्यारं खाली सांडली, ओठातून रक्त आलं. नर्सने आणि बाईंनी मिळून त्याला दाबून धरलं. बाई तिला समजावत राहिल्या, की भुलेतून उठताना काही माणसं अशी झटापट करतात, तो औषधाचा अंमल असतो, नंतर त्यांना आठवतही नाही.

घण्याला खरंच आठवत नव्हतं. घरी आल्यावर संध्याकाळी तिचा सुजलेला गाल बघून त्याने खुणेने विचारलं, आणि तिने सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घरात दोघांचेही गाल सुजलेले. ती त्याला बर्फ द्यायची, मग तोच बर्फ स्वतःला लावायची. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ, गार दूध, पातळ खिमट, वेळेवर गोळ्या, कशातही तिने कसूर केली नाही.

तिसऱ्या दिवशी मेव्हणा तिला न्यायला आला. आतल्या खोलीत पडल्या पडल्या घण्या ऐकत होता. ती भावाला सांगत होती, की उगाच त्यांच्या नावाने खडे फोडू नकोस, ते शुद्धीवर नव्हते, अट मी शुद्धीवरच्या माणसाला घातली होती. मेव्हणा पाय आपटत निघून गेला. घण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका जीव कोणी आपल्यावर टाकावा, हे त्याला झेपेना.

पाचव्या दिवशी चूळ भरताना भोकाला जीभ लागली, कळ मस्तकात गेली, आणि तिच्यासरशी सगळं आठवलं. डोळ्यांवरचा दिवा. नर्स सांगत होती, की हे एवढे दांडगे, पण आईला हाका मारत होते. आणि बायको हसली. साधंच हसली, सुटल्यासारखं. त्याने तिला ओळखलं होतं. घण टाकताना घेतो तसा नेम धरला होता.

दोन दिवस तो तिने दिलेलं खिमट खालमानेने खात राहिला. सातव्या दिवशी ती त्याला टाके काढायला न्यायची तयारी करत होती. तिचा गाल आता पिवळा पडला होता. गेल्यावर डॉक्टरांना सांगायला हवं, ती म्हणाली, की तुम्हाला अजून काहीच आठवत नाही. आता माफी मागायची, एवढंच त्याने मनाशी ठरवलं होतं. तोंडातून आलं ते भलतंच.

"तू हसत होतीस."

माफी नव्हती ती, तक्रार होती. त्याची त्यालाही ऐकू आली.

ती थांबली. आपण हसलो, हे तिने भावालाही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे शुद्धीवर होतात," ती म्हणाली.

तिने कपाटातून पिशवी काढली आणि चार कपडे भरले. गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं, दोन दिवसांच्या उरल्यात आणि उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, एवढं सांगितलं. तो दारात आडवा आला. तिला थांबवायला, फक्त थांबवायला म्हणून त्याने हात वर केला, आणि तिने पिशवी टाकून मान खाली घातली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

घण्या तो हात बघत राहिला. मग त्याने तो पाठीमागे नेला, दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि भिंतीला सरकला. तिने पिशवी उचलली आणि दार स्वतः उघडून ती बाहेर पडली.