चन्नप्पांचं बेवारशी कुत्रं

कुत्र्याचे दात पोटरीत रुतले तेव्हा केराबाईच्या डोक्यावर सात घोंगड्यांचं गाठोडं होतं, म्हणून तिला चटकन वळता आलं नाही. नाहीतर जन्म मेंढरांत न् कुत्र्यांत काढलेल्या धनगरणीला कुत्र्यानं मागून येऊन फाडावं, ही काय सांगायची गोष्ट झाली? बरं, ती काही चोरून आत शिरली नव्हती. चन्नप्पा कापडवाल्यांच्या बायकोनं, शांतम्मानं, घोंगडी बघायला तिला आपण होऊन हाक मारली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं जखम साबणानं धुतली आणि विचारलं, "कुत्रं पाळीव की रस्त्यावरचं?" पाळीव असेल तर दहा दिवस बांधून ठेवायचं, धडधाकट राहिलं तर सुया नकोत. बेवारशी असेल, डोळ्यांसमोर राहणार नसेल, तर बेंबीभोवती चौदा सुया, रोज एक. केराबाई सुयांना घाबरत नव्हती. पण तिचा दीर कुत्रं चावून गेला होता. पाण्याचा तांब्या पुढं केला की तो कसा थरथरायचा, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. ते कुत्रं पिसाळलेलं आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या माळावरून लंगडत ती चन्नप्पांच्या दुकानात गेली. "आप्पा, दुसरं कायबी नगं. कुत्रं दहा दिस बांधून ठेवा. मी रोज येऊन बघून जाईन."

"कुठलं कुत्रं?" चन्नप्पा गादीवरून हललेसुद्धा नाहीत. "आमचं नाही की ते. दारात येऊन पडतंय. बेवारशी हाय."

काय ही जीभ! ज्या कुत्र्याला सकाळी दूध-भाकरी, संध्याकाळी मालकाबरोबर फेरी, ज्याला 'टायगर, टायगर' म्हणून अख्खी गल्ली ओळखते, ते एका रात्रीत बेवारशी झालं. कायदा दाराशी आला की श्रीमंतांची नाती कशी पटापट तुटतात ते बघा.

चौकीतल्या हवालदारानं तिला सरळ सांगितलं, "मावशी, जनावर मोकळं सोडून माणसाला इजा झाली तर मालकाला सहा महिन्यांची कैद हाय. पण आधी मालक पायजे." तो तिच्याबरोबर आला खरा, पण चन्नप्पांच्या ओट्यावर चहा पीत बसला. कुत्रं पायरीवर पडलं होतं. त्याच्या गळ्यातला पट्टा गायब होता.

"मान बघा की सायेब," केराबाई म्हणाली. "पट्ट्यानं केस घासून गेल्यात. नांगराच्या बैलावानी वळ पडलाय. बेवारशी कुत्र्याला पट्टा कोन घालतंय?"

हवालदारानं मानेकडं न बघता बशी तोंडाला लावली. शेजारचे दुकानदार आपापल्या कापडाच्या ताग्यांना नव्यानं घड्या घालू लागले. चन्नप्पांनी ऐटीत जबाब लिहून दिला, 'सदर कुत्रं माझं नाही, माझ्या घराशी त्याचा संबंध नाही,' आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

"वाचून दावा," केराबाई म्हणाली. हवालदारानं वाचलं. "म्हंजी ह्याला कुनी धनी न्हाय?"

"नाही म्हणून सांगितलं की एकदा!" चन्नप्पा खेकसले.

"बरं झालं. आमच्यात चाल हाय. बिनधन्याचं जनावर भाकर घालंल त्याचं."

कापडाचा हिशेब पाठ असलेल्या त्या माणसाला ही चाल कुठून ठाऊक असणार? केराबाईनं ओच्यातली भाकरी काढली, तुकडा लांब टाकला. कुत्रं हुंगायला खाली वाकलं, तशी तिनं खांद्यावरची घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली आणि वर गुडघा दिला. बिथरलेलं जनावर धनगर असंच धरतात. डोळ्यांपुढं अंधार झाला की ते गप होतं. लोकरीचा दोर गळ्यात अडकवून ती उठली. पोटरीवरच्या पट्टीतून रक्त आलं होतं, तिकडं तिनं लक्षच दिलं नाही.

"चल रं बाबा. दहा दिस माझ्या डोळ्याम्होरं ऱ्हा. मग मेंढरं राख."

ती खरंच निघाली. दहा पावलं, वीस पावलं. कुत्रं मागं वळून वळून केकाटत होतं. चन्नप्पांनी हवालदाराकडं पाहिलं, जबाबाच्या कागदाकडं पाहिलं. केराबाई गल्लीच्या वळणाशी पोचली तेव्हा मात्र त्यांच्यानं राहवेना. धोतराचा सोगा सावरत ते ओट्यावरून उतरले आणि ओरडले, "अय्यो, टायगर! ए बाई, सोड त्याला! पुण्याहून आणलंय मी! माझं कुत्रं हाय ते!"

ताग्यांवरचे हात थांबले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. आता बहिरं व्हायची सोय कुणालाच उरली नाही, हवालदारालासुद्धा नाही.

केराबाई परत आली. लुगडं पोटरीवर उचलून तिनं पाय पायरीवर ठेवला.

"मग हे दात बी तुमचंच की, आप्पा. सायेब, आदीचं खोडा आन् नवं ल्ह्या."

हवालदारानं निमूटपणे पेनाचं टोपण काढलं. कुत्रं ओट्याच्या खांबाला बांधलं गेलं, आणि पुढं कोर्टाची तारीखही पडली. दहा दिवस केराबाई रोज आली, समोर बसून टकळीवर लोकर कातत कुत्र्याचं खाणंपिणं निरखत राहिली. चन्नप्पांनी एकदाही पाय कसा आहे म्हणून विचारलं नाही. दहाव्या दिवशी कुत्र्यानं तिच्या हातून भाकरी खाल्ली, वर परातभर पाणी प्यायलं. केराबाईनं डोळे मिटून दिराची आठवण केली आणि मोठा श्वास सोडला.

मग आपला दोर सोडून घेत ती चन्नप्पांना म्हणाली, "कुत्रं शानं हाय, आप्पा. आता तुमी सोताला डाक्टरला दावून घ्या."