पाव किलो लसणाची कुऱ्हाड

मित्रांनो, करमाडच्या बाजूला एक लहानसं गाव आहे. तिथल्या कडूबाच्या घरची मी जुनी कुऱ्हाड. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझं पातं पूर्वी आणखी चार बोटं रुंद होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. धार लावून लावून मी निम्मी उरले आहे. पण जी उरले आहे ती अस्सल पोलादाची आहे, हे कृपा करून ध्यानात ठेवा.

माझा जन्म ट्रकच्या पाट्यातून झाला. जालना रस्त्यावर मोडून पडलेल्या एका ट्रकचा तो तुकडा बाजाराजवळ पाल ठोकून राहिलेल्या एका घिसाड्याच्या हाती लागला. त्यानं मला भात्यापुढं लालभडक केलं आणि सांडशीत धरलं. घण मात्र त्याच्या बायकोनं मारला. सगळे घाव तिचे होते. तो नुसता इथं मार, तिथं मार म्हणत होता. पुढं लोक म्हणाले, काय झकास कुऱ्हाड घडवली, तेव्हा मिशीवर हात त्यानंच फिरवला. तो हात फिरवणं मी अजून विसरलेले नाही.

त्या वेळी कडूबाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानं मला घरी आणलं, बाभळीचा दांडा बसवला आणि वर पाचर ठोकली. लाकूड फोडण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. तो आधी ओंडक्याभोवती एक चक्कर मारायचा, गाठ कुठं आहे, चीर कुठं आहे ते बघायचा आणि बरोबर चिरेवर घाव घालायचा. दोन घावांत ओंडका दुभंगायचा. हिरवी बाभूळ, वाळलेला लिंब, बोराटीचं चिवट खोड, सगळं मी फोडलं. मग त्याची बायको मनकर्णाबाई ती लाकडं पडवीत रचायची. पेटवायला कपाशीच्या पऱ्हाट्या, आच धरायला काटक्या, भाकरीला बाभळीच्या ढलप्या, असे तिचे वेगवेगळे ढीग असायचे. बाभळीच्या इंगळावर शेकलेल्या भाकरीचा वास ओसरीपर्यंत आला की मला वाटायचं, यातली निम्मी भाकरी माझी आहे. कुणी दिली नाही, ती गोष्ट वेगळी.

कडूबाचा एकच दोष होता. त्याची चूक त्याला कधी सापडत नसे. दांडा मोडला तर खोडाची चूक. पाय घसरला तर चिखलाची. एकदा ढलपी उडून शेजारच्या कौलावर गेली, तेव्हा त्यानं शेजाऱ्यालाच ऐकवलं की कौलं इतकी पुढं काढतं का कुणी. पन्नास वर्षं मी हे निमूटपणे ऐकत आले.

मग घरात गॅस आला. तो लाल, गुबगुबीत सिलिंडर आला त्या दिवशी मनकर्णाबाईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. मला कुणी कधी हळदीकुंकू वाहिलं होतं का? दसऱ्याला, तेही इतर अवजारांबरोबर घाईघाईत. पण लवकरच कळलं की सिलिंडर नुसता शोभेला आहे. गॅसवरची भाकरी कडूबाच्या घशाखाली उतरेना. त्यामुळं गॅसवर फक्त चहा होई, आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, सगळं चुलीवरच. मी मनातल्या मनात हसले.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. कडूबाचा मुलगा गोकुळ शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला जातो. त्यानं लाकूड कापायचं मशीन आणलं. दोरी ओढली की ते असं काही केकाटतं की कोंबड्या दोन दिवस अंडी देत नाहीत. त्याच सुमारास बोराटीच्या एका खोडावर कडूबानं मला गाठीवर मारलं आणि माझा दांडा मोडला. चूक अर्थात खोडाची होती. नवा दांडा उद्या बसवतो, असं तो म्हणाला. त्या उद्याला आता वर्ष होत आलं होतं.

आणि मग माझ्या आयुष्यातला सर्वांत अपमानाचा दिवस उजाडला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली फरशी खचली होती आणि त्यावर सिलिंडर डुगडुगत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. कडूबानं इकडं तिकडं पाहिलं, बिनदांड्याची मला उचललं, फरशीच्या खड्ड्यात आडवी सरकवली आणि वर सिलिंडर ठेवला. मग हलवून बघितला. हलेना. तो खूश होऊन निघून गेला. सवत घरात आली ते मी सोसलं होतं मित्रांनो, पण आता ती माझ्या डोक्यावरच बसली. शिवाय चहापुरता गॅस जळायचा, त्यामुळं सिलिंडर काही संपता संपेना. पाच महिने मी अंधारात होते.

अशातच गोकुळची मुलगी अपेक्षा हिचं लग्न ठरलं. घर झाडायला काढलं. गोकुळनं मोडकं लोखंड पोत्यात भरलं आणि दारात आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. बदल्यात त्याच्या बायकोनं, योगिनीनं, पाव किलो लसूण घेतला. व्यवहार चोख झाला. कुणाचीच काही तक्रार नव्हती.

तक्रार चार दिवसांनी सुरू झाली. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी देवक आणतात. नवरीचे, तसेच नवऱ्याचे, आईबाप शेल्याची गाठ मारून, डोक्यावर धरलेल्या चादरीखालून वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडं जातात आणि पाच झाडांच्या डहाळ्या तोडून आणतात. बापाच्या खांद्यावर घरची कुऱ्हाड असते आणि कुऱ्हाडीला पाच पुऱ्या बांधलेल्या असतात. गोकुळच्या लग्नात कडूबाच्या खांद्यावरून मी अशीच मिरवत गेले होते. आता अपेक्षाच्या देवकाची तयारी सुरू झाली, तेव्हा कडूबानं विचारलं, कुऱ्हाड कुठं आहे?

सगळं घर पालथं घातलं. पडवी झाली, माळवद झालं, बैलाच्या गव्हाणीत हात घालून झाले. मी सिलिंडरखालून ओरडत होते, पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? शेवटी योगिनीला भंगाराचं पोतं आठवलं. गोकुळ म्हणाला, पोत्यात काय काय होतं ते मी नीट पाहिलं नाही. झालं. कडूबाचा पारा चढला.

"लसणापायी घरची कुऱ्हाड इकली," तो म्हणाला. "घरची कुऱ्हाड नसंल तर मी देवकाला येणार नाय. तुमचं तुम्ही उरका."

एवढ्यावर तो थांबला असता तर ठीक होतं. पण त्यानं तो लसूणही सोडला. ज्या लसणापायी कुऱ्हाड गेली त्याची फोडणी मी खाणार नाही, असं जाहीर केलं. मित्रांनो, या माणसाला लसणाच्या ठेच्याशिवाय भाकरी जात नाही. मनकर्णाबाई त्याला वेगळी बिनलसणाची आमटी करून वाढू लागली. तो ती तोंड वाकडं करून प्यायचा आणि बाकीची मंडळी ठेचा खाताना भिंतीकडं बघत बसायचा. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. माझ्यासाठी कुणी उपाशी राहावं, असं आजवर घडलं नव्हतं.

गोकुळ बिचारा कंपनीत सुट्टी टाकून चिकलठाण्याच्या भंगाराच्या दुकानांतून हिंडला. तीन जुन्या कुऱ्हाडी घेऊन आला आणि बापापुढं मांडल्या. कडूबानं एकेक हातात घेऊन पाहिली. पहिली हलकी निघाली. दुसरी वाकडी निघाली. तिसरीकडं त्यानं बराच वेळ पाहिलं आणि हिनं कुणाचं डोकं फोडलंय काय माहीत, असं म्हणून तीही बाजूला ठेवली. गोकुळनं खाली मान घातली. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या क्षणी शाळेतल्या पोरासारखा दिसत असावा. मला दिसत नव्हतं, आवाजावरून कळत होतं. मग अपेक्षानं आज्याला सांगून टाकलं की तुम्ही देवकाला आला नाहीत तर मी हळद लावून घेणार नाही. ती त्याचीच नात होती. आता घरात दोन हट्टी झाले.

देवकाचा दिवस उजाडला. कडूबाची थोरली बहीण दगडाबाई आदल्या दिवशीच आली होती. लग्नकार्यात तिचा शब्द शेवटचा. भाऊ ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेला पाहून तिनं त्याचा नाद सोडला आणि निकाल दिला, "मशीन लोखंडाचंच हाय ना? झाड तोडतंय ना? मग बांधा त्यालाच पुऱ्या."

आणि खरंच बांधल्या! स्वयंपाकघराच्या दारातून सगळ्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. पिवळ्या फडक्यात पाच पुऱ्या, आणि त्याही त्या केकाट्या मशीनच्या पात्याला. ते खांद्यावर नीट बसेना. तेलकट साखळीचं तेल पुऱ्यांना लागलं. कुणीतरी म्हणालं, हलगी वाजेल तेव्हा चुकून दोरी ओढू नका.  गोकुळनं दोनदा ओसरीकडं पाहिलं, असं योगिनी नंतर सांगत होती.

अंगणात पाहुणे बसले होते आणि कशावर बसले होते म्हणता? लाकडावर. मशीन लाकूड कापतं, फोडत नाही. त्यानं बाभळीचे गोल गोल ओंडके करून ठेवले होते आणि ते एकही चुलीत जात नव्हते. हळदीच्या आंघोळीचा हंडा चुलवणावर चढवून ठेवलेला, खाली जाळ नाही. मनकर्णाबाईनं विचारलं होतं, ही लाकडं जाळायला आणली की पाहुण्यांच्या बुडाखाली? 

इतक्यात चहा ठेवलेला असताना गॅस फुर्र करून विझला. बाहेर पन्नास माणसं चहाची वाट बघत होती. गोकुळ आणि योगिनी चादरीखाली उभे होते. मनकर्णाबाईनं ओसरीत जाऊन नवऱ्याला सांगितलं, निदान सिलिंडर तरी बदला. रुसलेल्या माणसाला काम सांगितलं की त्याला बरं वाटतं. कडूबा आला, आणि त्यानं रिकामा सिलिंडर मिठी मारून बाजूला केला.

पाच महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला सगळं आठवलं. फरशी आठवली, डुगडुगणं आठवलं, इकडं तिकडं बघणं आठवलं. त्याचा चेहरा इतका पडला की मला त्याची दया आली.

पण पुढं त्यानं काय केलं, ऐका. त्यानं पुन्हा इकडं तिकडं पाहिलं आणि भरलेला सिलिंडर माझ्याकडं ओढायला सुरुवात केली. माझं पाणी पाणी झालं. नवा सिलिंडर म्हणजे आणखी पाच-सहा महिने, आणि तोवर मी भंगारात गेल्याचं कायमचं ठरणार. गोकुळ जन्मभर त्या पोत्याचं ओझं वाहणार. आणि चूक पुन्हा एकदा दुसऱ्याचीच!

दारात मनकर्णाबाई उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"ठिवा की," ती हळूच म्हणाली. "म्या काय बघितलं नाय. पर पोरगं चार दिस झालं जेवलं नाय नीट."

एवढं बोलून ती कपबशा विसळायला बसली. कडूबा सिलिंडर धरून तसाच उभा राहिला. बाहेर हलगी वाजायला लागली. मग त्यानं सिलिंडर सोडला, खाली वाकला आणि मला उचललं.  मला दांडा नव्हता, म्हणून त्यानं पडवीतून बाभळीचं एक सरळ लाकूड ओढलं, माझ्या डोळ्यात, म्हणजे दांड्याच्या भोकात, बसवलं आणि दगडानं पाचर ठोकली. वर्षभराचा उद्या त्यानं पाच मिनिटांत उरकला.

मला घेऊन तो अंगणात आला तेव्हा देवक निघालं होतं. तो थेट चादरीखाली घुसला. हलगी थांबली. गोकुळच्या खांद्यावरचं मशीन त्यानं काढून घेतलं आणि मला तिथं ठेवलं.

"कुठं सापडली, अण्णा?" गोकुळनं विचारलं.

आता मी कान टवकारले. खोडाची चूक? चिखलाची? फरशीची?

"सिलिंडरखाली," कडूबा म्हणाला. "म्याच ठिवली हुती. तुझी काय चूक नाय, गोकुळ. माझी हाय."

पन्नास वर्षांत हे वाक्य मी प्रथमच ऐकलं. दगडाबाईला तर भावाच्या जन्मापासून ऐकायला मिळालं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गोकुळनं बापाचा हात धरून ठेवला. मशीनवरच्या पुऱ्या सोडून माझ्यावर बांधल्या, तेल लागलेल्या दोन बदलल्या. मारुतीपर्यंत आम्ही असे गेलो की हलगीवाल्यानं दोन चाली जास्तीच्या वाजवल्या.

परत आल्यावर कडूबानं पाहुण्यांना ओंडक्यांवरून उठवलं. चक्कर मारली, चीर पाहिली आणि घाव घातला. दुसऱ्या घावात ओंडका फुटला. चुलवणाखाली जाळ झाला, हंड्यातलं पाणी तापलं आणि अपेक्षानं हळद लावून घेतली. मग कडूबा पंगतीत गोकुळशेजारी बसला आणि ताट पुढं सरकवून सुनेला म्हणाला, "ठेचा वाढ. लसणाचाच."

मित्रांनो, हल्ली मी ओसरीतल्या खुंटीवर असते. मला तेल मिळतं, धार मिळते, आठवड्यातून दोनदा कामही मिळतं. तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं अवजार असेल. त्याला जपा. निदान कुठं ठेवलं ते तरी लक्षात ठेवा, आणि सापडलं नाही तर दुसऱ्याला बोल लावण्याआधी आपला सिलिंडर उचलून बघा.

आणि माझी एक विनंती आहे. ती खचलेली फरशी अजून कुणी बसवलेली नाही. सिलिंडर पुन्हा डुगडुगतो आहे. काल कडूबा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बराच वेळ बघत होता. मग त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि त्याची नजर खुंटीवर आली. कृपा करून कुणीतरी एक चपटा दगड लवकर घेऊन या.