चार खुर्च्यांचे पाय

कर्र... दुपारच्या शांततेत मी कुरकुरले आणि उषाताई चटकन उठल्या. मला उलटं करून त्यांनी माझा पुढचा पाय निरखला.

“उन्नती, इकडे ये. हा पाय आपला नाही. रंग बघ, फिका आहे. बैठक विणायला नेली, तेव्हा कान्होजीने पक्का बदलला.”

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या माधवगंजातली मी एक जुनी खुर्ची. जन्म दूर युरोपातला. तिथल्या एका सुताराने लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायची युक्ती काढली, मोठा कारखाना घातला. एकाच मापाचे तुकडे हजारोंनी निघू लागले. सहा तुकडे, मूठभर स्क्रू, की झाली खुर्ची! छत्तीस खुर्च्या सुट्या होऊन एका पेटीत मावायच्या. तशाच पेटीतून आम्ही चौघी या घरी आलो. पाहुणे आमचं कौतुक करायचे. पुढे या घरातले भाऊ वेगळे झाले, बाकी तिघी त्यांच्या नव्या घरी गेल्या. मी कोपऱ्यात पडले, वेताची बैठक फाटली.

वेतकाम करणाऱ्या कान्होजींनी ती इतकी सुरेख विणली! पण उषाताईंनी त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी सांगून टाकलं, “माणूस चोर निघाला.” दोन घरांनी कान्होजींना दिलेलं आपलं काम परत नेलं.

“आई, एकदा खोलून बघू का?” चार दिवसांनी उन्नतीने विचारलं.

“बघ की. मी काय आंधळी आहे?”

उन्नतीची छोटी शिखा पेचकस घेऊन आली. स्क्रू हलेना. जोर लावल्यावर निघाला, आणि भोकातून वाळलेल्या चुन्याचा भुगा सांडला.

“आई, हा तर जुना चुना. कैक वर्षांत कुणी खोललंच नाहीये,” उन्नती म्हणाली.

उषाताई खाली बसल्या. दसऱ्याला घर चुन्याने पोतताना आम्हा चौघींना सुटं करून धुवायची इथली रीत होती. पाय सगळे एकाच मापाचे, कुणाचा कुणाला लागायचा. हा पाय तेव्हा व्हरांड्यात असणाऱ्या माझ्या बहिणीचा, उन्हाने फिका पडलेला. जोडला होता खुद्द उषाताईंनीच. मला सगळं ठाऊक होतं, पण खुर्चीला कोण विचारतं?

मित्रांनो, आमचे स्क्रू वर्षातून एकदा आवळत जा. आणि कुणाकडे बोट दाखवण्याआधी नीट उलगडून बघत जा. माझा पाय पुन्हा बसवता येतो, माणसाचं गेलेलं नाव नाही.

उषाताई उठून आत गेल्या. शिखाने उन्नतीचा पदर ओढला.

“आई, कान्होजीकाका चोर नाहीत, हे आता सगळ्यांना कोण सांगणार?”