बामच्या डबीतली मिसरी

सुनेला मिसरीची सवय बनुबाईनंच लावली, आणि तीही मायेपोटी. तिसऱ्या महिन्यात पूजाला सारखं मळमळायचं, पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही. तेव्हा बनुबाईनं कमरेची बामची डबी काढून तिच्यापुढं धरली.

"चिमूटभर दाताला लाव. बरं वाटंल."

पूजाला बरं वाटलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ तसंच बरं वाटून घ्यावं लागलं.

मिसरी घरचीच. दुकानातनं तंबाखूचा पुडा आणायचा, परड्यातल्या चुलीवर ती काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची. पुड्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र असायचं. बनुबाई पुडा रिकामा केला की आधी तोच चुलीत सारायची. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं एकदा हटकलं, तर तिनं वकिलासारखा मुद्दा काढला. "गुटख्यावर सरकारनं बंदी आणली. माज्या मिसरीवर आणली का? जयराजच्या येळंला दिवसातनं चारदा लावायची मी. पोरगं मिलिटरीत गेलं." बनुबाईच्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप नव्हती.

आठव्या महिन्यात पूजाचं पोट वाढेना. सासू-सुना एस.टी.नं सांगलीला, विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंकडं आल्या. सोनोग्राफी झाली. बाळाचं वजन फार कमी भरत होतं.

"तंबाखू, गुटखा, कसली सवय?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," पूजा म्हणाली.

पोर खोटं बोलत नव्हती. त्या घरात मिसरीला कुणी तंबाखू म्हणतच नव्हतं. पण पुडा कोण आणत होतं, चित्र कोण जाळत होतं? बोलावं तर सुनेपुढं आपलंच तोंड काळं, आणि संध्याकाळी जाब विचारायला जयराजचा फोन. न बोलावं तर ते पोटातलं लेकरू. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'नाही' लिहायला घेतलं, तशी बनुबाईनं डबी टेबलावर ठेवली.

"मीच दिली हिला. पाच म्हैनं झालं. हिचा काय दोष न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडून वास घेतला. "ही तंबाखूच आहे, मावशी. भाजल्यानं विष जात नाही. बाळाला रक्त कमी पोचतं. आजपासून बंद. अजून पाच-सहा आठवडे हातात आहेत, बाळ भरेल थोडं. दर आठवड्याला दाखवायला या." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुमची बाळंतपणं कशी झाली?"

"जयराजच्या आदी पोरगी व्हती. मुठीएवढी. आठ दिस जगली."

"मिसरी तेव्हाही होती?"

बनुबाईनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांपुढं पोरीपेक्षा आधी येसूबाई आली. धाकटी जाऊ. पोरीच्या तिसऱ्या दिवशी बाजेवर वाकून "किती गोड गं" म्हणालेली. पोर गेल्यावर त्या शब्दावरनं बनुबाईनं भरल्या घरात ओरडून सांगितलं होतं, हिची नजर लागली, हिनं माझी पोर खाल्ली. तेव्हापासून एकोणतीस वर्षं त्या घराशी बोलणं नाही, हळदीकुंकू नाही. येसूबाईला मूल झालं नाही, तेव्हा पाप भोवलं असंही बनुबाई पाणवठ्यावर बोलली होती.

"मी नजर लागली म्हणलं व्हतं. मग ती पोर मिसरीनंच गेली का?"

"आता कुणालाच सांगता येणार नाही. पण नजरेनं लेकरू जात नाही, मावशी."

परतताना एस.टी.त तासगाव आलं तसा पूजानं सासूच्या हातावर हात ठेवला, आणि त्यानं बनुबाईला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

गावात उतरल्यावर ती आपल्या दाराकडं वळलीच नाही. शेजारची कडी वाजवली. येसूबाईनं दार उघडलं. तिचे केस पांढरे झालेले बनुबाईनं भिंतीवरनं रोज पाहिले होते, पण इतक्या जवळनं आजच.

"येसू," बनुबाई म्हणाली. "माज्या पोरीला तू न्हाई खाल्लंस."

येसूबाईनं दाराची कडी सोडली नाही.

"मला ठावं व्हतं, आक्का," ती म्हणाली. "तुमाला कवा कळलं?"