सहकुटुंब आमंत्रण

बन्सी हा वैजापूरच्या मार्केट यार्डातला कांद्याचा अडत्या. माल तोलताना हात जितका आखडता, तितकं तोंड सढळ. "या की घरी, तुमचंच हाय समदं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा. म्हणायला काय जातंय?

लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असताना तो व्यापाऱ्यांच्या टोळक्याबरोबर दुबईला गेला. बाकीचे सोन्याच्या दुकानात शिरले, हा मागच्या गल्लीत सावलीला उभा राहिला. भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"बन्श्या, लेका, ढेरी लई सुटली की रं तुझी!"

पाचोडचा मल्हारी. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. असल्या उन्हात घोंगडी, आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही.

बन्सी दोन पावलं मागं सरला. मल्हारी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त खरा, पण तो वारला त्याला दोन वर्षं होत आली होती. दहाव्याला पैठणच्या घाटावर बन्सी स्वतः हजर होता. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. भावानं शब्द दिला, बायकोनं पदर पसरला, उन्हं चढली. तिकडं यार्डात लिलाव खोळंबलेला. शेवटी बन्सीनं हात जोडले, "मल्हारी, दुबईला गेलो तर तुला संगं फिरवीन!" झपकन कावळा उतरला. लोक हसतच उठले.

"फिरवतो म्हणला व्हतास," मल्हारी म्हणाला. "चल."

बन्सीनं मनाशी आखणी केली. आज ह्याचं मन भरेस्तोवर फिरवायचं आणि इथंच सोडायचं. लग्नघरावर ही सावली पडता कामा नये.

पण दिवस भलताच सुखाचा गेला. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय नेतील तिकडं दोघं गेले. मसाल्याच्या बाजारात मल्हारीनं केशर नाकाशी धरलं. "वास येत नाय गड्या आता कशाचा." मग डोळे मिचकावून, "काटा अजून तसाच मारतो का रं?"

"गप की!"

"मी आता कुणाला सांगायला जातोय?"

बन्सी खळखळून हसला आणि हसता हसता थांबला. खाडीवर होडीत बसले, तर नावाडी ओरडला, "चाचा, दोनों एक बाजू मत बैठो, नाव झुकती!" म्हणजे मल्हारी इतरांनाही दिसत होता. त्याला वजनही होतं.

पलीकडं मेंढरांचा एक कोंडवाडा लागला. मल्हारीनं जुन्या सवयीनं जिभेनं आवाज काढला. जन्मभर मेंढरं ज्याच्या मागं चालली, त्याला बघून ही मेंढरं एकमेकांवर चढत पार भिंतीला जाऊन चिकटली. मल्हारीचा चेहरा पडला.

"परमुलखातली हायेत," बन्सी म्हणाला. "वळखत नायत तुला." दिवसभरात हे एवढंच तो काही न आखता बोलला.

दिवेलागणीला हॉटेलच्या पायऱ्यांशी मल्हारी थांबला. "लई बरं वाटलं. आता मी मोकळा."

बन्सीच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्या आनंदात तोंडानं आपलं नेहमीचं काम केलं. "असं कसं? लेकीचं लग्न हाय औरंगाबादला. यायचं! सहकुटुंब!"

त्यानं जीभ चावली. उशीर झाला होता.

मल्हारी विचारात पडला. "सहकुटुंब? आमच्यात आता लई माणसं झाली रं." मग बोटांवर मोजत म्हणाला, "आणतो."

औरंगाबादला बीड बायपासच्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या, दोन पंगती उठल्या. नवरानवरी फोटोला उभी होती. आचारी रामकिसन कपाळ पुसत आला.

"शेठ, मागच्या मांडवात पाहुणे कवाचे बसलेत. बोलत नायत, पाणी घेत नायत. ह्या उन्हात खांद्यावर घोंगड्या! वाढू?"

बन्सी गेला. रांगा पार कुंपणापर्यंत होत्या. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. एकाच्याही तोंडावर घाम नव्हता. पहिल्या पानावर मल्हारी, आणि त्याच्या शेजारच्या पानावर कुणीच नाही.

नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? बोलावलं होतं त्यानंच. आत लेक हसत होती, ते इथवर ऐकू येत होतं. बन्सीनं बुंदीची परात उचलली आणि जन्मात पहिल्यांदा हात न आखडता प्रत्येकाला वाढलं. कुणी पानाला हात लावला नाही.

"आमच्यात बस की," मल्हारीनं शेजारचं पान थोपटलं.

"यजमान... यजमान शेवटाला जेवतो, गड्या. रीत हाय."

"व्हय, रीत हाय खरी," मल्हारी म्हणाला. त्यानं घोंगडी सारखी केली, मांडी घट्ट घातली. "मग थांबतो आम्ही."